मापाच्या यंत्राचे पोट उघडून पाहण्याचा हक्क

कापडाच्या व्यापारात एक रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बाजारात नवा माल येतो, त्याला गिऱ्हाईक चांगले लागते, की दुसरा व्यापारी त्याचा वीतभर तुकडा पैदा करतो. त्यावर पिकग्लास ठेवून इंचात ताण्याचे किती आणि बाण्याचे किती धागे आहेत ते मोजतो, सुईने धागे सोडवतो, सुताचा काउंट काढतो, तुकडा तोलतो. संध्याकाळपर्यंत त्या कापडाचा सारा हिशोब कागदावर उतरलेला असतो. याला बाजारात कोणी चोरी म्हणत नाही. टेक्स्टाइलच्या कॉलेजांत हे रीतसर शिकवतात. त्या कापडावर दुसऱ्याचा छाप मारून ते विकले तर मात्र तो गुन्हा होतो. म्हणजे उकलून पाहणे वेगळे आणि फसवणे वेगळे, हा आपल्या धंद्याचा जुना उसूल आहे.

हाच उसूल आपल्या हातात आलेल्या छोट्या मापनयंत्रांना लावावयाचा की नाही, असा प्रश्न आता उभा राहिला आहे. सुताच्या कोनमध्ये टोचण्याचा मॉइश्चर मीटर, धाग्याचा ताण पाहण्याचा टेन्शन मीटर, रंग जुळवण्याचे यंत्र, वायरमनचा मल्टीमीटर, गरम झालेली बेअरिंग दाखवणारा थर्मल कॅमेरा ही सारी यंत्रे मुठीत मावतात आणि पडद्यावर आकडा दाखवतात. त्या आकड्यावर माल पास होतो, नापास होतो, भाव पाडला जातो. पण तो आकडा आला कोठून, हे विचारले तर विकणाऱ्याला सांगता येत नाही आणि घेणाऱ्याला ठाऊक नसते.

या प्रत्येक यंत्रात एक चिप असते आणि त्या चिपमध्ये कारखान्यातच भरून दिलेला प्रोग्राम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो वाचून, त्याची उलट दिशेने उकल करून यंत्र आत काय करते हे शोधण्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. हे काम करणाऱ्या मुलांकडे आपल्याकडे संशयाने पाहिले जाते. माझे मत असे की संशय चुकीच्या जागी आहे. यंत्र उघडून पाहणे हा हक्क आहे. यंत्र बदलून समोरच्यापासून लपवणे हा गुन्हा आहे. ही रेघ एकदा नीट ओढली की बाकीचा गोंधळ आपोआप मिटतो.

आकडा कसा तयार होतो

मॉइश्चर मीटर ओलावा मोजत नाही, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटेल. त्याच्या दोन सुया सुतात टोचल्या की तो त्या दोन सुयांमधील विजेचा विरोध मोजतो. कोरड्या सुतातून वीज जवळपास जात नाही. ओलावा थोडा वाढला की हा विरोध कित्येक पटींनी घटतो. एवढेच यंत्राला कळते. त्या विरोधावरून ‘ओलावा अमुक टक्के’ हे ठरवणारे कोष्टक फर्मवेअरमध्ये लिहिलेले असते. कापसाचे कोष्टक वेगळे, व्हिस्कोसचे वेगळे, मिश्र सुताचे आणखी वेगळे. शिवाय गरमीने आकडा हलतो, म्हणून तापमानाची दुरुस्तीही त्यातच असते. कोष्टक चांगले तर यंत्र चांगले. कोष्टक दुसऱ्या जातीच्या सुतावरून घेतलेले असेल तर पडदा कितीही चकचकीत असला तरी आकडा चुकणारच.

यात आणखी एक पेच आहे. कापसाचा व्यापारी ओलावा ८.५ टक्के धरतात. हा रिगेन म्हणजे पूर्ण कोरड्या वजनावर काढलेला टक्का. १०० किलो पूर्ण कोरड्या सुताचे व्यापारी वजन १०८.५ किलो. पण तोच ओलावा एकूण वजनावर काढला तर टक्का ७.८ येतो. एक मीटर ८.५ दाखवतो, दुसरा ७.८ दाखवतो आणि दोघेही खरे बोलत असतात! कोणता टक्का दाखवायचा हे फर्मवेअरमध्ये ठरलेले असते आणि पुष्कळदा डब्यातील माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. या कारणाने बाजारात किती भांडणे झाली असतील याचा अंदाज वाचकांनी आपल्या अनुभवावरून करावा.

आता पैशाचा हिशोब पाहा. १०,००० किलो सुताची गाडी आली. खरा रिगेन ९.५ टक्के आहे पण मीटर ८.५ दाखवतो. घेणाऱ्याने सुमारे ९१ किलो पाण्याचे पैसे सुताच्या भावाने मोजले. भाव किलोला २५० रुपये धरला तर एका गाडीमागे २२,७५० रुपये गेले. आठवड्याला एक गाडी घेणाऱ्या कारखानदाराचे वर्षाला ११ लाखांच्या वर जातात. मीटर उलट दिशेने चुकला तर तेवढेच नुकसान सूत विकणाऱ्याचे. एक टक्का म्हणजे काही विशेष नाही असे म्हणणाऱ्याने हे आकडे जवळ लिहून ठेवावेत.

रंगाच्या यंत्राचीही तीच गोष्ट. दोन तुकड्यांच्या रंगातील फरक ते ‘डेल्टा ई’ या आकड्यात सांगते. पण हा आकडा काढण्याची सूत्रे अनेक आहेत. एक १९७६ चे, एक कापडवाल्यांत चालणारे सीएमसी, एक सन २००० चे. तेच दोन तुकडे, तेच यंत्र, सूत्र बदलले की आकडा बदलतो. डाइंगवाला एका सूत्राने माल पास करतो आणि परदेशी खरेदीदार दुसऱ्या सूत्राने तोच माल परत पाठवतो. ही सूत्रे गुपित नाहीत, जगजाहीर आहेत. आपल्या यंत्रात कोणते चालू आहे एवढे कळले पाहिजे.

उकल कशी करतात

ज्या मुलांना हे काम येते त्यांच्याकडून जे समजले ते साध्या शब्दांत सांगतो. यंत्राचा पाठीमागचा स्क्रू काढला की बोर्ड दिसतो. त्यावर मुख्य चिप आणि बहुधा बाजूला एक छोटी मेमरी चिप असते. मेमरी चिपला क्लिप लावून, किंवा कारखान्याने तपासणीसाठी सोडलेल्या टोकांना तारा जोडून, आतील मजकूर कॉम्प्युटरवर उतरवतात. काही कंपन्या वाचण्यालाच कुलूप घालतात, तेथे काम अवघड होते. जो मजकूर उतरतो तो माणसाला वाचता येत नाही, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांतून प्रोग्रामच्या ओळी उभ्या करणारी हत्यारे मिळतात. पूर्वी ती महाग होती. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपले ‘घिड्रा’ नावाचे हत्यार सर्वांसाठी फुकट खुले केले आणि डिप्लोमा करणाऱ्या मुलाच्याही आवाक्यात ही विद्या आली.

पण हत्यार मिळाले म्हणून कारागीर होता येत नाही. मजकुरात कोष्टक कोठे आहे, दुरुस्तीचे गुणक कोठे आहेत, हे ओळखायला महिने लागतात. पिकग्लास सर्वांच्या खिशात असतो, म्हणून सर्वांनाच कापड ओळखता येते असे नाही.

एकाच ताग्यावर दोन छाप

हातातील यंत्रांच्या बाबतीत जगभर गाजलेले उदाहरण फ्लिर या कंपनीच्या थर्मल कॅमेऱ्याचे आहे. २०१३ साली या कंपनीने ई-४, ई-५, ई-६ आणि ई-८ असे एकसारखे दिसणारे चार कॅमेरे बाजारात आणले. ई-४ ची किंमत साधारण १,००० डॉलर आणि ई-८ ची त्याच्या कित्येक पट. ई-४ चे चित्र ८० गुणिले ६० म्हणजे ४,८०० ठिपक्यांचे. ई-८ चे ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८०० ठिपक्यांचे, बरोबर १६ पट. त्याच वर्षी हौशी तंत्रज्ञांनी ई-४ उघडून, त्याचे फर्मवेअर वाचून दाखवून दिले की दोन्हींच्या आत सेन्सर एकच आहे. स्वस्त कॅमेऱ्यात एक छोटी फाइल होती आणि ती त्याला कमी ठिपके दाखवायला सांगत होती. ती फाइल बदलली की स्वस्त कॅमेरा महाग कॅमेऱ्यासारखे चित्र देऊ लागला. कंपनीने नंतर हे कुलूप अधिक पक्के केले.

या प्रकारावर दोन तऱ्हेचा आरडाओरडा झाला. कोणी म्हणाले कंपनीने ग्राहकाला लुटले. कोणी म्हणाले ग्राहकाने कंपनीला लुटले. कापड व्यापारी म्हणून मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. एकाच मागावरील एकच माल दोन छापांखाली दोन भावांना विकणे आपल्या बाजारात नवे आहे काय? नावाचा छाप असलेला तागा महाग, बिनछापाचा स्वस्त, हे आपण रोज पाहतो. स्वस्त कॅमेरा घेणाऱ्याला जेवढे सांगितले होते तेवढे मिळाले, तेव्हा कंपनीने खोटे बोलले असे म्हणता येत नाही. पण गिऱ्हाइकाने तागा उलगडून ‘माल तर तोच आहे’ असे ओळखले तर व्यापाऱ्याने पोलिसांकडे धावू नये. ओळखण्याइतकी नजर त्याच्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र पुढची पायरी वेगळी आहे. ई-४ घेऊन, त्याची फाइल बदलून, तो ई-८ म्हणून किंवा ई-८ च्या तोडीचा म्हणून दुसऱ्याला विकणे हे दुसऱ्याचा छाप मारण्यासारखे आहे. त्यात फसवणूक कंपनीची आहेच, पण त्याहून अधिक घेणाऱ्याची आहे. बदललेल्या यंत्रासाठी कंपनीचा दाखला नसतो, वॉरंटी नसते. त्या कॅमेऱ्याच्या भरवशावर कोणी शेडमधील वायरिंग ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिले आणि आग लागली तर जबाबदार कोण? यंत्रमागाच्या शेडमध्ये सरकी-तूस किती उडते आणि ठिणगीला किती वेळ लागतो, हे भिवंडी-मालेगावच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

जेथे माणसाची इज्जत पणाला लागते

मापाचे यंत्र आतून कसे चालते हे पाहण्याचा हक्क नुसता पैशापुरता नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा श्वास तपासण्यासाठी पोलीस ड्रेगर या जर्मन कंपनीचे ‘अल्कोटेस्ट ७११०’ यंत्र वापरू लागले. हे यंत्र मुठीत मावणारे नव्हते, टेबलावर ठेवण्याचे होते, पण मुद्दा तोच आहे. आरोपींच्या वकिलांनी विचारले, ज्या यंत्राच्या आकड्यावर माणूस गुन्हेगार ठरतो त्याचा प्रोग्राम कोणी तपासला? खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रोग्राम बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासला गेला. मार्च २००८ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने यंत्र सर्वसाधारणपणे विश्वासार्ह मानले, पण प्रोग्राममधील काही दोष दूर करण्यास सांगितले. त्यांपैकी एक दोष असा होता की एखाद्याचा श्वास तिसऱ्यांदा घ्यावा लागला तर आकड्यांच्या हिशोबात गडबड होऊ शकत होती.

यंत्र बव्हंशी बरोबर निघाले आणि तरीही पाहिल्याशिवाय तो दोष सापडला नसता, या दोन्ही गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. तपासल्याने चांगल्या यंत्राची इज्जत कमी होत नाही, वाढते. जो कारखानदार आपले कोष्टक दाखवण्यास घाबरतो त्याच्याबद्दल मनात शंका येणे स्वाभाविक आहे.

दुरुस्तीचा प्रश्न

आता लहान व्यापाऱ्याच्या रोजच्या अडचणीकडे येऊ. चांगल्या मापनयंत्रात त्या एका नगाची स्वतःची दुरुस्ती, म्हणजे कॅलिब्रेशनचे आकडे, मेमरीत लिहिलेले असतात. प्रत्येक नगाचे आकडे वेगळे. ती मेमरी गेली की यंत्र चालू राहते पण आकडा भरकटतो. प्रयोगशाळांत नाव कमावलेला एचपी कंपनीचा ३४५८-ए हा मल्टीमीटर याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यात हे आकडे ज्या चिपमध्ये असतात तिची छोटी बॅटरी चिपच्या पोटातच बंद केलेली असते. वर्षांनंतर ती बॅटरी संपली की आकडे पुसले जातात. म्हणून जाणकार लोक बॅटरी संपण्यापूर्वीच मेमरी वाचून तिची प्रत काढून ठेवतात आणि नवी चिप बसवताना तीत ती उतरवतात. यात काय वाईट आहे? घराच्या दस्ताची नक्कल काढून पेटीत ठेवण्यासारखेच हे काम आहे.

माझ्या दुकानातील एक मीटर असाच बंद पडला. विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने उत्तर दिले की हे मॉडेल बंद झाले आहे, बोर्ड मिळणार नाही, नवा घ्या. नव्याची किंमत जुन्याच्या दुप्पट. आमच्याच मोहल्ल्यातील इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या एका मुलाने मेमरी चिप वाचून पाहिली. आकडे शाबूत होते, चिपला लागणारी वीजच पोहोचत नव्हती. काही रुपयांचा एक सुटा भाग बदलून काम झाले. त्यानंतर तो मीटर प्रयोगशाळेत दाखवून दाखला घेतला, मगच पुन्हा वापरात आणला. ज्या मुलाने हे केले त्याला शाबासकी द्यावयाची की ‘कंपनीच्या मालात हात घालतो’ म्हणून दरडावयाचे? आपल्या वस्त्यांत अशी हुन्नर असलेली मुले पुष्कळ आहेत. ती मोबाइलचे पडदे बदलण्यात आपली अक्कल खर्च करतात, कारण याहून मोठे काम त्यांना कोणी देत नाही.

कायदा काय म्हणतो

पुष्कळांचा असा समज आहे की यंत्राचा प्रोग्राम वाचणे म्हणजेच कायदा मोडणे. आपल्या देशाचा कायदा इतका कठोर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम पाहावे. ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीर मार्गाने आला आहे त्याला, तो नष्ट किंवा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून, राखीव प्रत काढण्याची मुभा १९९४ च्या दुरुस्तीने दिली. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी सवलती आल्या. आपला स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळावा म्हणून लागणारी माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल तर ती मिळवणे, तसेच प्रोग्राम चालवताना त्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करून त्यामागील तत्त्वे समजून घेणे, हे कॉपीराइटचा भंग मानले जात नाही.

२०१२ साली याच कायद्यात ६५-ए हे कलम आले. हक्काचा भंग करण्याच्या इराद्याने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘इराद्याने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, आणि जे काम कायद्याने स्पष्टपणे मना केलेले नाही त्यासाठी केलेल्या कृतीला या कलमात सूट आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा कुलूप तोडण्याबाबत अधिक कडक आहे. तेथे कोणत्या कामासाठी सूट द्यावयाची याचा दर तीन वर्षांनी नव्याने विचार होतो. तेथील बातम्या वाचून आपल्याकडेही तसेच असेल असे समजू नये. अर्थात खरेदीच्या वेळी कंपनीशी केलेल्या करारात काय लिहिले आहे ते वेगळे पाहावे लागते, आणि मोठ्या कामापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात प्रथम घेण्यात आली. मापनयंत्रांसाठी वेगळे पाचवे क्षेत्र त्यात नव्हते. लहान उद्योगांच्या संघटनांनी ही मागणी पुढे करावयास हवी.

हुन्नरीची काळी बाजू

या विद्येचा गैरवापर होत नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीएफने लखनौच्या पेट्रोल पंपांवर छापे घातले. पंपाच्या यंत्रात चिप बसवून, रिमोटने ती चालू-बंद करून, ग्राहकाला कमी पेट्रोल दिले जात होते. पडद्यावर आकडा पूर्ण, टाकीत पेट्रोल कमी. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील पंपांवर छापे घातले आणि येथेही मापात फेरफार करणारी टोळी उघडकीस आली. या लोकांनीही यंत्र उघडले होते, त्याच्या आतील चाल ओळखली होती. हुन्नर तीच, इरादा उलटा.

म्हणून जे लोक ‘यंत्र माझे, मी वाटेल ते करीन’ असे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. घरी स्वतःसाठी ठेवलेला मल्टीमीटर वाटेल तसा बदलावा. तो किती मिनिटांनी आपोआप बंद व्हावा हे बदलण्यासाठी कोणाची परवानगी नको. पण जे यंत्र घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये उभे राहते ते एकट्याचे नसते. तराजू दुकानदाराच्या मालकीचा असतो, पण त्याच्या काट्यावर गिऱ्हाइकाचाही तेवढाच हक्क असतो. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा हेच सांगतो. व्यवहारातील वजन-माप पडताळून त्यावर शिक्का घ्यावा लागतो आणि फसवण्यासाठी त्यात फेरफार करणे शिक्षेस पात्र आहे. माप-तोलात कमी-जास्त करणाऱ्याबद्दल आपल्याकडे काय ताकीद आहे ती तर या पानाच्या वाचकांना पाठ आहे.

लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की ही लबाडी पकडण्यासाठीही यंत्र उघडून वाचता येणारा माणूसच लागतो. पडद्याकडे पाहून चिप सापडत नाही. जो समाज या विद्येला कुलूप घालतो त्याच्याकडे चोर उरतात आणि पकडणारे उरत नाहीत.

काय करावे

बाजारातील संघटनांसाठी आणि लहान कारखानदारांसाठी काही सूचना करतो.

पहिली, यंत्र विकत घेताना बिलासोबत लेखी माहिती मागावी. आकडा कोरड्या वजनावर की एकूण वजनावर? कोणत्या सुताचे कोष्टक? रंगाच्या यंत्रात कोणते सूत्र, कोणता प्रकाश? सुटे भाग आणि सर्व्हिस किती वर्षे मिळेल? कॅलिब्रेशनचे आकडे पुसले गेले तर कोण भरून देईल? दहा व्यापाऱ्यांनी एकत्र विचारले तर कंपनीला उत्तर द्यावे लागते.

दुसरी, सौद्याच्या कागदावर नुसते ‘ओलावा ८.५ टक्के’ न लिहिता ‘रिगेन ८.५ टक्के’ असे लिहावे, आणि वाद झाल्यास भट्टीची चाचणी शेवटची मानावी. सूत १०५ अंशांवर वजन घटणे थांबेपर्यंत वाळवून तोलण्याची ही जुनी पद्धत कोणत्याही फर्मवेअरवर अवलंबून नाही. मुंबईत घाटकोपरला बिट्रा आणि वरळीला सस्मिरा या कापडाच्या संशोधन संस्था आहेत. संघटनेने सहा महिन्यांतून एकदा सर्वांचे मीटर एकत्र आणून एकाच सुतावर ताडून पाहिले तरी कोणाचा मीटर किती सरकला हे समजेल. यासाठी चिप उघडावीही लागत नाही.

तिसरी, उघडलेल्या यंत्रावर चिठ्ठी असावी. काय बदलले, कोणी, कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर कॅलिब्रेशन कोठे झाले. बदल दाखल्याशिवाय सौद्यात वापरू नये. समोरच्या पक्षाने विचारल्यास चिठ्ठी दाखवावी.

चौथी, आणि मला सर्वांत जरुरीची वाटणारी, आपल्या मुलांना हे काम द्यावे. आयटीआय, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुले शहरोशहरी आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत मापनयंत्रांची दुरुस्ती आणि तपासणी करणारे एक-एक दुकान उभे राहिले तरी पाच-दहा घरांची रोजी त्यावर चालेल आणि व्यापाऱ्यांचे लाखो रुपये वाचतील. संघटनेने चार-पाच जुने बंद मीटर त्यांना शिकण्यासाठी द्यावेत. शिकवताना पहिल्या दिवशी एकच नियम सांगावा: वाचा, समजून घ्या, दुरुस्त करा, पण आकडा बदलला तर ज्याच्या पैशावर त्या आकड्याचा परिणाम होणार आहे त्याला सांगा.

कंपन्यांनाही एक विनंती आहे. यंत्रातील सारे गुपित उघडे करा असे कोणी म्हणत नाही. आपला प्रोग्राम आपणाजवळ ठेवा. पण कोष्टक कोणते, सूत्र कोणते आणि दुरुस्तीचे आकडे जपण्याची रीत कोणती, एवढे पुस्तिकेत छापा. ज्यावर लाखोंचे सौदे होतात त्या आकड्याचा हिशोब मागण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्याला आहे, आणि तो सरळपणे मिळाला तर कोणालाही स्क्रू काढण्याची गरज भासणार नाही.